धुळाप्पाच्या मशीनला लागलेला हात

पारावर धुळाप्पा साऊंडवाल्याचा विषय निघाला की मी हल्ली चपला शोधायला लागतो. एरवी मला गोष्ट सांगायला निमित्त लागत नाही. समोर माणूस पाहिजे, आणि तो जागा असला तर बरं, एवढंच. पण ही गोष्ट मी गावाला एकदाच सांगितली, तीही चार वाक्यांत आणि मान खाली घालून. नीट अशी सांगितलीच नाही. धुळाप्पाची गोष्ट सांगायची तर त्यात माझीही येते, आणि माझा भाग चांगला नाही. आज लिहून टाकतो.

धुळाप्पा मूळचा सास्तूरकडचा. घरात मेंढरं. त्याचा बाप संध्याकाळी मेंढरं कोंडताना मोजत नसे, पोराला विचारी. धुळाप्पा डोळे मिटून घंट्या ऐकायचा आणि सांगायचा, “लंगडीची घंटी आली न्हाय.” बाप उलटा फिरायचा, तर लंगडी मेंढी ओढ्याच्या काठाला बाभळीखाली उभी असायची. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढं पत्र्याच्या शेडात राहताना दगडमातीतून निघालेले रेडिओ लोक त्याच्याकडं आणून द्यायचे, आणि दहातले सहा तो बोलके करायचा. मग वायरमनचं शिकला, लातूरला एका साऊंडवाल्याकडं दहा वर्षं स्पीकरचे डबे उचलले. येरमाळ्याची अयोध्या बायको करून आणली म्हणण्यापेक्षा तोच सासुरवाडीला आला, आणि हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाशेजारी गाळा घेऊन बसला. आमचं गाव तिथून सात किलोमीटर आत. लग्न, सप्ता, पुण्यतिथी, काही असलं की धुळाप्पाच.

त्याची एक रीत होती. सगळं जोडून झालं की तो माईकवर ‘हॅलो हॅलो’ म्हणायचा नाही. ‘खसखस’ म्हणायचा. मग पळत मांडवाच्या शेवटच्या टोकाला, म्हाताऱ्या बसतात तिथं जायचा आणि विचारायचा, “आक्का, काय म्हणलो म्या?”

“खसखस म्हणलास की रं. कामून, लाडू करतूस का?”

आक्काला ‘स’ नीट ऐकू आला म्हणजे वरचा, बारीक आवाजाचा भोंगा ठीक. मगच तो पाणी प्यायचा.

आता माझं सांगतो. शहात्तर-सत्त्याहत्तरला या भागात पहिला लाऊडस्पीकर माझा होता. दोन भोंगे, एक बॅटरीवरचं मशीन, एक तबकडीचा डबा, आणि ते सगळं बैलगाडीत. एकदा एका लग्नात भोंगा लिंबाला बांधताना तोंड चुकून शिवेच्या पलीकडं झालं. मी माईकवर सांगतोय, “पाव्हणेमंडळींनी जेवायला बसून घ्यावं,” मांडवात कुणी उठेना, आणि अर्ध्या तासानं शेजारच्या गावचे चाळीस लोक हात धुऊन हजर! नवरीच्या बापानं मला भोंग्याशेजारी बांधायचं तेवढं ठेवलं. ही गोष्ट मी पाचशे वेळा सांगितली असेल. पण त्यात एक कळत होतं सगळ्यांना, की नानाचा भोंगा दोन कोसांवर ऐकू जातो. त्या गोष्टीवर मी पन्नास वर्षं पोट भरत आलो.

म्हणून धुळाप्पाची पेटी उघडली की मी खुर्ची ओढून शेजारी बसायचो. त्याच्या रॅकमध्ये मिक्सर आणि आवाज वाढवणारी यंत्रं यांच्या मधोमध वीतभर उंचीचं एक काळं मशीन होतं. पुढं हिरवे-तांबडे बारके दिवे. एकदा मी विचारलं, “धुळाप्पा, ह्ये मधी कोण बसलंय?”

“ह्यो क्रॉसओव्हर, नाना.”

“म्हंजी?”

त्याला बोलायला फार आवडायचं नाही, पण त्या मशीनचं विचारलं की तोंड खुलायचं. “नाना, तुमी रानात दारं धरता न्हव? मोटरीचं पाणी पाटानं येतं. तुमी उसाला किती सोडता, कोथमिरीच्या वाफ्याला किती?”

“उसाला चांगलं लोंढ्यानं. कोथमिरीला बोटभर. न्हायतर वाफा वाहून जातोय.”

“तेच करतंय ह्ये. मिक्सरातून आवाज सगळा एकच पाट होऊन येतो. पखवाजाची थाप, म्हाराजाचा शब्द, टाळाची किणकिण, सगळं एकात. ह्ये मशीन आधी त्या आवाजाचे आकडे करतं. एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार बार मोजतं.”

“अठ्ठेचाळीस हजार! आमच्या गुरुजींना वर्गातली चाळीस पोरं मोजता येत नव्हती.”

तो हसला. “मग त्या आकड्यांची वाटणी करतं. जाड आवाज खालच्या मोठ्या डब्याला, माणसाचा आवाज मधल्याला, आणि बारीक, स-श-ट, टाळबीळ, ते वरच्या भोंग्याला. वरच्या भोंग्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ पत्र्याची वाटी असती. ती केसभरच हलावी. तिच्यावर पखवाज सोडला तर झालं कल्याण.”

“आणि ह्यो तांबडा दिवा?”

“तांबडा दिवा म्हंजी मशीन लगाम ओढतंय. आवाज लई वर गेला की ते आपणहून दाबून धरतं. तळ्याला सांडवा असतो तसं समजा. सांडवा न्हाय तर बांध फुटतो. शिवाय वरचा भोंगा आणि खालचा डबा एका रेषेत नसले तर एकाला इवलंसं थांबवून दोघांना एका पावलात चालवतं.”

मी “व्हय, व्हय” म्हणालो. मला सगळं कळलं होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते न कळून झालं असं म्हणायला मला तोंड नाही. उलट पुढचे दोन महिने मीच पारावर लोकांना अठ्ठेचाळीस हजार सांगत होतो.

गेल्या वर्षी माघात आमच्या गावचा सप्ता होता. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. मांडवात दोन हजार माणूस. सुनेचे वडील शिवशंकरराव, म्हणजे माझे इवाई, तेरखेड्याहून मुद्दाम आले होते. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. त्या गावच्या माणसाला आवाज म्हणजे धडाम. त्याखाली तो मोजतच नाही.

कीर्तन उभं राहायला अर्धा तास होता. भजन चाललं होतं. धुळाप्पा पहाटेच्या काकड्यापासून उपाशी. सप्त्याचं सगळं बघणारा भागवत त्याला म्हणाला, “जा बाबा, दोन घास खाऊन घे, मग दुपारपतूर उठता यायचं न्हाय.” धुळाप्पा उठला, रॅककडं बघितलं, मग माझ्याकडं.

“नाना, जरा बसता का इथं? कुणाला हात लावू देऊ नका.”

“आरं, म्या हाय न्हव! जा तू निवांत.”

तो गेला. मी त्याच्या खुर्चीत बसलो. दोन हजार माणसांत मशीनच्या खुर्चीत! पन्नास वर्षांनी. शिवशंकरराव शेजारी येऊन टेकले. पान काढलं, चुना लावला आणि म्हणाले, “इवाई, एक इचारू का? राग न्हाय ना?”

“इचारा की.”

“तुमच्या गावच्या सप्त्याला आवाज कमी का म्हणायचा? म्या फाट्यावर गाडीतून उतरलो तर काय ऐकूच येईना. म्हणलं, सप्ता उठला का काय कालच.”

“आवाज मांडवात पाहिजे, इवाई. फाट्यावर कोण बसलंय?”

“तसं न्हाय, पण आमच्याकडं फाट्यावरच कळतं. आणि तुमी सांगत असता, तुमचा भोंगा दोन कोसांवर जायाचा. मंग आता ह्यो एवढा ढीग लावून असं का?” त्यांनी बोट दाखवलं. “तो तांबडा दिवा सारखा का लागतोय? बिघडलंय व्हय?”

पखवाजाची थाप पडली की तांबडा दिवा लुकलुकायचा. मला माहीत होतं तो का लागतोय. तोंडातून मात्र वेगळंच गेलं.

“ते मधलं मशीन आवाज खातंय,” मी म्हणालो.

“मंग काढा की मधला दलाल! तुमी जुने उस्ताद.”

उस्ताद म्हणाले. बास. मी उठून रॅकच्या मागं गेलो. मिक्सरकडून आलेली वायर मशीनमध्ये खोचलेली होती, ती काढली. मशीनमधून वरच्या भोंग्याच्या यंत्राकडं जाणारी वायर होती, तीही काढली. एकीच्या तोंडाला तीन दात, दुसरीच्या तोंडाला तीन भोकं. एकमेकींत अशी फटकन बसली, जणू त्यासाठीच केली होती. मशीन बाजूला पडलं आणि सगळा पाट सरळ वरच्या भोंग्यावर.

आणि काय सांगू, आवाज आला! खालचे डबे मुके झाले, पण वरून असा खणखणीत, नाकातला, दूर जाणारा आवाज आला, की मला माझा लिंबावरचा भोंगाच आठवला. कुत्री उठली. शिवशंकररावांनी मांडीवर थाप मारली. “ह्याला म्हणत्यात आवाज!” मी हसत होतो. खोटं कशाला सांगू, त्या पाच-सात क्षणांत माझ्याएवढा खूश माणूस जिल्ह्यात नसेल.

मग पखवाजवाल्यानं दोन्ही हातांनी थाप दिली. टर्र झालं. फट् झालं. आणि काही नाही.

डावीकडचा भोंगाही गेला, उजवीकडचाही. भजन नुसत्या तोंडानं चाललं. मी पुन्हा मागं वाकलो, दोन्ही वायरी सोडवल्या, होत्या त्या जागी खोचल्या. मशीन जसं होतं तसं. खालचे आणि मधले डबे परत बोलायला लागले, पण असे, की कुणी घोंगडीत तोंड खुपसून बोलावं. मी खुर्चीत येऊन बसलो. शिवशंकरराव पान थुंकायला गेले ते त्या बाजूला परत आलेच नाहीत.

तेवढ्यात महाराज उभे राहिले. पहिलं वाक्य बोलले आणि मागून बायका ओरडल्या, “ऐकू यीना!” महाराज विनोदी होते. म्हणाले, “माउली, भोंग्यावर वाळत घातलेली गोधडी काढा जरा.” दोन हजार माणूस हसलं. धुळाप्पा हातातला घास टाकून पळत आला तो त्या हसण्यातनं.

भागवत तापला होता. “काय रं, धुळाप्पा? कालपतूर बरं होतं, आज नेमकं काल्याला?” मग माझ्याकडं वळला. “नाना, तुमी इथंच होता न्हव? काय झालं?”

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

“म्या काय हात लावला न्हाय बाबा,” मी म्हणालो. “आपोआपच बंद पडलं.”

धुळाप्पानं माझ्याकडं बघितलं. भागवतला म्हणाला, “नाना होते इथं. म्हंजी कुणाचा हात लागायचा प्रश्नच न्हाय. माझंच काहीतरी चुकलं.”

मग त्यानं जे केलं ते दुसऱ्या साऊंडवाल्याला सुचलं नसतं. मशीनची बटणं दाबून त्यानं वरच्या भोंग्याचं थोडं काम मधल्या डब्याला दिलं, खालचा जाडपणा कमी केला, आणि पावणेदोन तासांचं कीर्तन ओढून नेलं. शब्द कळत होते. पण कौतुक कोण करणार? लोकांच्या डोक्यात गोधडीच बसली होती. महाप्रसादाला भागवत सगळ्यांदेखत म्हणाला, “पुढच्या साली दुसरा बघू.” धुळाप्पा वायरी गुंडाळत होता. त्याला ऐकू गेलं. मेंढीची घंटी ऐकणारा माणूस, त्याला काय ऐकू जात नाही?

घरी द्वारकाबाई, आमची मालकीण, म्हणाली, “अवो, बुंदी तशीच ठेवली पानात. पोट बिघडलं का?” मी व्हय म्हणालो.

दीड महिना मी येरमाळ्याला गेलो नाही. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेआधी एका सकाळी बीबियाणं आणायच्या निमित्तानं गेलो. धुळाप्पाच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली. पंक्चरवाला म्हणाला, “यात्रेचं काम सोडलं त्यानं. लग्नाची पण सोडतोय. मशीन इकून गावाकडं भावाच्या मेंढरामागं जातो म्हणतोय. तुमी सांगा की नाना, तुमचं ऐकंल.”

वाकून आत गेलो. धुळाप्पा स्टुलावर बसला होता. समोर ते काळं मशीन लावलेलं, दिवे चालू, आणि डबा एकही जोडलेला नाही. अयोध्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा ठेवत होती.

“या नाना, बसा,” ती म्हणाली. “बघा जरा ह्यांच्याकडं. रोज सकाळी मशीन लावत्यात, आकडे बघत्यात, परत काढत्यात. जेवताना मधीच उठत्यात.”

धुळाप्पानं कपाटातून एक फडकं काढलं आणि माझ्या हातावर उलगडलं. त्यात दोन बारक्या वाट्या होत्या, पांढऱ्या, पातळ. दोन्ही कडेनं फाटलेल्या.

“ह्ये तुमच्या सप्त्यातले. नाना, भोंगा मरतो तो दोन तऱ्हेनं. बारीक आवाज लई सोडला तर तार तापती, काळी पडती, वास येतो. ह्याची तार बघा. कशी लख्ख हाय. ह्यो जळला न्हाय, फाटलाय. आणि फाटतो तो फकस्त जाड आवाजानं. पखवाजानं.” तो माझ्याकडं बघत राहिला. “पखवाज तिथं गेला कसा? मशीन तर सोडत न्हाय. म्या हजार बार बघितलं, आकडे बरोबर हायेत. मंग एकच राहतं. मशीन मधीच कवातरी दारं फोडतं आणि मला कळत न्हाय. माझे कान गेले आता. ज्याला आपलं मशीन कळत न्हाय त्यानं लोकांच्या कार्यात उभं राहू नये.”

फाटलेल्या वाट्या माझ्या तळहातावर होत्या. वजन म्हणाल तर काहीच नाही. मला हात खाली करता येईना.

“मशीन चांगलं हाय,” मी म्हणालो.

“तुमी धीर देताय, नाना.”

“धीर न्हाय. म्या काढलं व्हतं मशीन. वायरीत वायर घातली. सरळ.”

धुळाप्पा हळू म्हणाला, “कंची वायर?”

मी उठलो, रॅकच्या मागं गेलो आणि दाखवली. ही आणि ही. शाळेत गणित चुकलेलं पोर फळ्याजवळ उभं राहतं तसा उभा होतो. मला वाटलं आता शिवी देईल. द्यावी, असं फार वाटत होतं. पण त्याचं तोंड उजळलं! अगदी हसला तो. “मंग मशीन नीट हाय? म्हंजी… आकडे बरोबरच व्हते?” आणि बायकोला म्हणाला, “अगं, मशीन नीट हाय!” त्या हसण्यानं मला जेवढं मारलं तेवढं शिवीनं मारलं नसतं. दीड महिना ह्या माणसाला झोप नव्हती, आणि त्याचा पहिला विचार माझ्यावरच्या रागाचा नव्हता.

राग अयोध्याला आला. तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, आदळला नाही, ठेवला.

“नाना, तुमी मोठे. पण एक बोलू का? माझ्या नवऱ्याला गावासमोर खाली बघायला लावलं, आणि खरं सांगायला चार भिंतीत आलात. हितं सांगून काय उपेग? ह्यांनी तुमच्यावर इश्वास ठेवला होता, सगळ्या गावासमोर.”

“अगं, राहू दे,” धुळाप्पा म्हणाला.

“राहू देऊ नको,” मी म्हणालो. चहा प्यालो नाही. प्यायला पाहिजे होता की नाही, ते अजून ठरवता आलेलं नाही.

एकादशीला देवळात भजनाला पन्नास-साठ माणूस असतं. मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं आता नाना गोष्ट सांगणार. पोरं पुढं सरकली. एक-दोघं आधीच हसायला लागले, इतकी सवय आहे माझी. मी म्हणालो, “सप्त्यात धुळाप्पाचे भोंगे म्या फाडले. त्यानं राखायला बसवलं होतं. वायर काढून दुसऱ्या वायरीत घातली. मंग खोटं बोललो.”

लोक थांबले. पुढचं येईल म्हणून वाट बघत होते. पुढं काही नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, “आरं, खरंच सांगायलाय नाना!”

भागवतचा चेहरा काळा पडला. “तवा का न्हाय बोललात? म्या त्याला काय काय बोललो!”

“लाज वाटली.”

“आन् आता?”

“आताबी वाटतीय.”

त्यानं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. “धुळाप्पा, नानांनी सगळं सांगितलं. माझंबी चुकलं. पुढच्या सप्त्याला तूच.” मग धुळाप्पा म्हणाला, “येतो. पण भागवतराव, नानाला लई बोलू नका. म्हातारं माणूस हाय.” सगळ्या देवळानं ते ऐकलं. आयुष्यभर मी नाना होतो, उस्ताद होतो. त्या दिवशी मी म्हातारं माणूस झालो.

यंदा माघात तो आला. डबे रचले, वायरी जोडल्या, ‘खसखस’ म्हणाला, पळत जाऊन आक्काला विचारून आला. वरचे भोंगे दुरुस्त केलेले. आवाज असा, की शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला महाराजाचा श्वास कळावा. दुपारी भागवत म्हणाला, जेवून घे. धुळाप्पानं पिशवीतून एक लोखंडी जाळी काढली, मशीनच्या पुढंमागं बसवली, आणि खाली वाकून तिला कुलूप लावलं. मी चार हातांवर उभा होतो. त्यानं मला नमस्कार सकाळीच केला होता. इथं बसा म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

कुलूप लावताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं, माझी इज्जत राखायला. द्वारकाबाईला तसं सांगितलं तर ती म्हणाली, “तसं काय न्हाय. कुलूप नवं हाय, बसत नव्हतं, म्हणून खाली बघत होता.”

तिचं खरं असेल.